मुंबईचा धूर कमी करण्यासाठी जमशेटजी टाटांनी लोणावळ्याच्या पावसाचा हिशेब मांडला होता

नाशिक जिल्ह्यातलं नांदगाव. मनमाड सोडलं की चाळीसगावच्या आधी लागणारं रेल्वे स्टेशन. मनमाडहून औरंगाबादकडे रेल्वे जायच्या आधी वेरूळची लेणी बघायला निघालेले प्रवासी इथेच उतरायचे आणि टांगा करून पुढे जायचे. पण गाडीतली बरीच मंडळी नांदगावला उतरत नसत. ती पुढे खानदेश, वऱ्हाड, नागपूरकडे जायची. कापूस तिकडे पिकायचा. गाठी याच रुळांवरून मुंबईला यायच्या, आणि त्या ओढणारं इंजिन कोळसा जाळत, धूर सोडत जायचं.

१८७० च्या दशकात याच मार्गाने मुंबईचा एक पारशी व्यापारी नागपूरला ये-जा करत होता. जमशेटजी नसरवानजी टाटा.

टाटा म्हटलं की पोलाद, ताज हॉटेल आणि बंगळुरूची विज्ञान संस्था आठवते. या तीन गोष्टींवर शेकड्याने लेख आहेत. चौथ्या गोष्टीवर कमी बोललं जातं. मुंबईच्या गिरण्या कोळशाऐवजी पाण्यावर चालवायच्या, हे डोक्यात घेऊन त्यांनी आयुष्याची शेवटची काही वर्षं खर्च केली. आज मुंबई, नाशिक, नागपूरच्या हवेचे आकडे रोज मोबाइलवर दिसतात, तेव्हा ही गोष्ट माहीत असायला हवी. तिचा शेवट मात्र सरळ नाही.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ चा, गुजरातमधल्या नवसारीचा. घराणं पारशी धर्मगुरूंचं. वडील नसरवानजी हे त्या घरातले व्यापारात पडलेले पहिले. मुलाला त्यांनी किशोरवयातच मुंबईला आणलं, एल्फिन्स्टन कॉलेजात घातलं. १८५८ ला शिक्षण संपलं आणि पुढच्याच वर्षी पोरगा वडिलांच्या पेढीसाठी हाँगकाँगला रवाना झाला. पेढी चीनशी व्यापार करायची. त्यात कापूस होता आणि अफूसुद्धा होती. त्या काळात मुंबईतल्या कित्येक मोठ्या घराण्यांचा पैसा याच दोन मालांतून आला होता, टाटा त्याला अपवाद नव्हते.

पुढे अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना आणि मुंबईत कापसाचे भाव आभाळाला टेकले. १८६५ ला युद्ध संपलं आणि सगळा फुगा एका झटक्यात फुटला. जमशेटजी तेव्हा पंचविशीत होते आणि नेमके इंग्लंडमध्ये होते. हातातल्या हुंड्यांची किंमत कागदाइतकी उरली. त्यांनी सावकारांना खरी परिस्थिती सांगून टाकली आणि पोराचा प्रामाणिकपणा बघून सावकारांनी हिशेब मिटवायचं काम त्याच्याकडेच दिलं, असं त्यांच्या चरित्रात येतं.

इंग्लंडच्या या मुक्कामात त्यांनी लँकेशायर पाहिलं. मँचेस्टर हे तेव्हा जगाच्या कापडाचं केंद्र होतं आणि धुराचंही. तिथली माणसं किती जगतात याचा हिशेब त्याआधीच छापून झाला होता. एडविन चॅडविक नावाच्या अधिकाऱ्याने १८४२ च्या अहवालात मँचेस्टरमधल्या मजूर कुटुंबांत मृत्यूचं सरासरी वय १७ दाखवलं होतं. रटलँड या शेतीच्या परगण्यात मजुरांचंच तेच वय ३८ होतं. म्हणजे पैसा कमी असूनही खेड्यातला मजूर शहरातल्या मजुरापेक्षा दुपटीने जगत होता. यातला धुराचा वाटा किती, गटारांचा किती आणि दाटीवाटीच्या खोल्यांचा किती, हे तेव्हा वेगळं काढता येत नव्हतं. सरासरी इतकी खाली येण्याचं मोठं कारण म्हणजे तान्ह्या मुलांचे मृत्यू. पण माणूस किती जगतो हे तो कुठे राहतो यावर ठरतं, एवढं त्या दोन आकड्यांतून स्वच्छ दिसत होतं.

परत आल्यावर जमशेटजींनी १८६९ ला चिंचपोकळीत एक बुडालेली तेलाची गिरणी घेतली, तिची कापड गिरणी केली, अलेक्झांड्रा मिल असं नाव दिलं आणि दोनेक वर्षांत नफ्यात विकून टाकली. नंतर पुन्हा लँकेशायरला जाऊन धंद्याचा नीट अभ्यास केला.

आता सगळ्यांना वाटलं की हे पुढची गिरणी मुंबईतच काढणार. त्यांनी निवडलं नागपूर. लोक हसले. पण गणित साधं होतं. कापूस तिथे पिकतो, रेल्वे तिथे पोचली आहे आणि वरोऱ्याची कोळसा खाण जवळ आहे. मग कच्चा माल मुंबईला आणून, दूरचा महाग कोळसा जाळून, कापड परत विदर्भात विकायला कशाला पाठवायचं? नागपुरात त्यांनी दलदलीची जागा घेऊन भराव टाकायला सुरुवात केली. हा माणूस सोनं जमिनीत गाडतोय, असं म्हणत तिथल्या एका मारवाडी सावकाराने पैसे द्यायला नकार दिला. गिरणी चालल्यावर, या माणसाने माती टाकून सोनं काढलं अशी कबुली त्यानेच दिली, अशी आठवण सांगतात. १ जानेवारी १८७७ ला, व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं त्याच दिवशी, एम्प्रेस मिल सुरू झाली. आज त्या जागेवर मॉल आहे आणि नावात एम्प्रेस तेवढं उरलंय.

या गिरणीत जमशेटजींनी एक वेगळी गोष्ट केली. त्यांनी आतल्या हवेचा विचार केला.

कापूस पिंजताना आणि कातताना बारीक तूस उडतं. दहा-बारा तास ते नाकातोंडातून जात राहिलं की फुप्फुसाच्या नळ्या आवळतात आणि वर्षानुवर्षांनी कायमचा दमा लागल्यासारखी अवस्था होते. या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. त्याची खूण अशी की सुट्टीनंतर कामावर आल्याच्या पहिल्या दिवशी छाती सर्वांत जास्त भरून येते. मुंबईतल्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे. त्याआधी आठवड्याची हक्काची अशी सुट्टीच नव्हती.

एम्प्रेस मिलमध्ये हवा खेळती ठेवायची, हवेत ओलावा सोडायची आणि आग विझवायची यंत्रं बसवली गेली. देशातल्या गिरण्यांत हे फार लवकर झालेलं काम होतं. १८८६ ला कामगारांसाठी पेन्शन फंड आला, १८९५ ला अपघाताची भरपाई आली. आता खरं बोलायचं तर ओलावा सोडण्यामागे पहिला विचार सुताचा होता. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात सूत तटातट तुटतं, ओल्या हवेत कमी तुटतं. कामगाराच्या छातीला त्याचा झालाच तर जोडीने फायदा. पण माणूस आणि यंत्र दोघांनाही हवा लागते हे या मालकाच्या हिशेबात तरी होतं. बाकीच्या मालकांच्या वहीत तो रकानाच नव्हता.

इकडे मुंबईत धुराडी वाढत होती. १८५६ ला ताडदेवला पहिली गिरणी चालू झाली होती. शतक संपेपर्यंत हा आकडा ऐंशीच्या आसपास गेला. परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा या पट्ट्यात प्रत्येक गिरणीचे स्वतःचे बॉयलर, स्वतःचं धुराडं आणि आवारात कोळशाचा ढीग. कोळसा यायचा बंगालच्या खाणींतून, दीड-दोन हजार किलोमीटरवरून, नाहीतर थेट इंग्लंडहून जहाजाने. तो महाग होता आणि त्याचा भरवसाही नव्हता.

ज्यांना शक्य होतं ते या पट्ट्यातून निघून गेले. त्याचं सगळ्यात ठळक उदाहरण खुद्द गव्हर्नरचं. त्यांचा बंगला परळला होता. १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी तिथेच कॉलऱ्याने गेल्या आणि पुढे गव्हर्नर मलबार हिलला राहायला गेले, समुद्राच्या वाऱ्यावर. परळच्या रिकाम्या बंगल्यात आधी प्लेगचं रुग्णालय आणि मग १८९९ ला हाफकिन यांची लस बनवायची प्रयोगशाळा आली. गिरणी कामगाराला मात्र भोंगा ऐकू येईल इतक्याच अंतरावर राहावं लागायचं.

१८९६ ला मांडवी भागात प्लेग फुटला. लोक लाखांनी शहर सोडून गेले. जमशेटजींनी हाफकिन यांच्या लशीला उघड पाठिंबा दिला, स्वतः टोचून घेतली आणि इतरांनाही टोचून घ्यायला लावलं. शहर दाटलंय, त्याला मोकळी जागा हवी, हे त्यांनी आधीच ओळखलं होतं. जुहूच्या बाजूची जमीन सुधारून तिथे वस्ती वसवायच्या त्यांच्या योजना होत्या, पण त्या कागदावर राहिल्या.

याच काळात डेव्हिड गॉस्टलिंग नावाच्या मुंबईतल्या वास्तुविशारदाची एक कल्पना त्यांच्यापर्यंत आली. लोणावळा-खंडाळ्याच्या माथ्यावर पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो. तो अडवून कोकणाच्या बाजूला खाली सोडला तर पडणाऱ्या पाण्याच्या जोरावर वीज तयार होईल आणि ती तारांनी मुंबईला आणता येईल.

ऐकायला सोपं वाटतं. पण इथे अडचण अशी होती की सह्याद्रीत पाऊस पडतो चार महिने आणि गिरण्या चालतात बारा महिने. युरोपातल्या नद्यांना बर्फाचं पाणी असतं, इथे जून ते सप्टेंबर सगळं वाहून जातं आणि मे महिन्यात ओढ्यात दगड दिसतात. त्यामुळे आधी तलाव बांधायचे, वर्षभराचं पाणी साठवायचं, मग माथ्यावरून खोपोलीपर्यंत लोखंडी नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली सोडायचं आणि तिथून वीज ७० किलोमीटर लांब परळला न्यायची. मुंबईत तेव्हा विजेचा दिवासुद्धा नवलाई होता.

जमशेटजींनी जमिनीची पाहणी करवली, सरकारकडे परवानगीसाठी खटपट केली, विलायतेत तज्ज्ञ गाठले. त्यांना यात धंदा दिसत होता, हे लपवायचं कारण नाही. कोळशाचा खर्च वाचणार होता. पण त्याचबरोबर शहराच्या डोक्यावरचा धूर जाणार होता. स्वच्छ, स्वस्त आणि भरपूर वीज हे तिन्ही एकत्र मांडणारा गिरणी मालक त्या वेळी विरळाच. तेव्हा हवेतला धूर मोजायचं यंत्रही इथे नव्हतं.

१९०२ मध्ये त्यांनी मुलाला, दोराबजींना, पोलादाच्या भावी शहराबद्दल एक पत्र लिहिलं. रस्ते रुंद ठेवायचे, लवकर वाढणारी सावलीची झाडं लावायची, बागा आणि खेळाची मैदानं सोडायची, असा त्यात तपशील होता. शहर कुठे होणार हे तेव्हा ठरलंही नव्हतं. भट्टीशेजारी राहणाऱ्या माणसाला श्वास घ्यायला जागा लागेल, हे मात्र ठरलं होतं.

यातलं काहीच त्यांना बघायला मिळालं नाही. १९०३ च्या डिसेंबरात ताज हॉटेल उघडलं, तेवढंच. पुढच्या वर्षी मार्चमध्ये पत्नी हिराबाई गेल्या आणि १९ मे १९०४ ला जर्मनीतल्या बाड नाउहाइमला जमशेटजींनीही डोळे मिटले. उपचारासाठी ते तिकडे गेले होते. वय होतं ६५. १९०१ ते १९११ या दशकात भारतातलं सरासरी आयुर्मान सुमारे २३ वर्षं होतं. याचा अर्थ सगळे तेविसाव्या वर्षी मरत होते असा नाही. लाखो मुलं पहिला वाढदिवसही बघत नव्हती, म्हणून सरासरी तिथे येत होती.

पुढचं काम दोराबजींनी केलं. १९१० ला कंपनी नोंदवली गेली. देशातल्या संस्थानिकांनी आणि व्यापाऱ्यांनी भांडवल घातलं. फेब्रुवारी १९११ मध्ये लोणावळ्यात पायाभरणी झाली. १९१२ ला मुंबई सरकारने धुराच्या उपद्रवावर कायदाच केला, म्हणजे धूर आता सरकारदरबारीही पोचला होता. ११ फेब्रुवारी १९१५ ला गव्हर्नर विलिंग्डन यांच्या हस्ते खोपोलीची वीज मुंबईत सुरू झाली. १९२० च्या दशकात गिरण्यांमागून गिरण्यांनी बॉयलर सोडून विजेची मोटर धरली.

मग मुंबईत माणसं जास्त जगायला लागली का? इथे गोष्ट अडते.

१९२१ मध्ये मुंबईत दर हजार जन्मांमागे ६६६ बालमृत्यू नोंदले गेले. आकडा वाचून विश्वास बसत नाही, आणि तो थोडा फुगलेला आहेही. बऱ्याच बायका बाळंतपणाला गावी जायच्या, जन्माची नोंद तिकडे व्हायची आणि बाळाच्या मृत्यूची मुंबईत. तरीही एका खोलीच्या बिऱ्हाडांत मुलं सगळ्यात जास्त दगावत होती, यात वाद नाही. चाळीतली ती खोली डोळ्यासमोर आणा. एक दार, जमलं तर एक खिडकी, कोपऱ्यात लाकडाची किंवा शेणीची चूल, आणि त्याच खोलीत झोपलेलं तान्हं बाळ. गिरणीचं धुराडं उंच असतं, त्याचा धूर वाऱ्यावर पसरतो. चुलीचा धूर त्याच बंद खोलीत, बाळाच्या श्वासाच्या हवेत कोंडून राहतो. खोपोलीची वीज गिरणीच्या फाटकातून आत गेली. समोरच्या चाळीत ती पोचायला बराच काळ लागला.

दुसरी किंमत मावळने मोजली. गिरण्यांना वीज पुरेना म्हणून टाटांनी आणखी धरणं हाती घेतली. मुळशीत पन्नासच्या आसपास गावं बुडणार होती, त्यात भाताची सोन्यासारखी खाचरं होती. १९२१ ला रामनवमीच्या दिवशी शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला, नेतृत्व सेनापती बापटांचं. तीन वर्षं लढा चालला. धरण झालं, गावं गेली. हे जमशेटजींच्या मृत्यूनंतर सतरा वर्षांनी घडलं, त्यामुळे त्यांनी काय केलं असतं हा प्रश्न निरर्थक आहे. पण मुंबईची हवा स्वच्छ करायच्या कल्पनेत मावळातल्या माणसाला कुणी विचारलं नव्हतं, एवढं खरं.

वाढत्या शहराला पाण्याची वीज पुढे पुरली नाही. १९५६ ला ट्रॉम्बेला टाटांचंच औष्णिक वीज केंद्र उभं राहिलं. शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने आले, खताचा कारखाना आला. चेंबूरला लोक गॅस चेंबर म्हणायला लागले. १९७० च्या दशकाच्या शेवटी केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी मुंबईच्या तीन भागांतल्या आणि एका ग्रामीण भागातल्या चार हजारांहून जास्त लोकांची तपासणी केली. प्रदूषण जास्त असलेल्या भागात दम लागणं, खोकला, सर्दी, जुनाट ब्रॉन्कायटिस यांचं प्रमाण खेड्यापेक्षा जास्त सापडलं. धुराचा आणि छातीचा संबंध आता मुंबईच्याच माणसांवर मोजला गेला होता.

आज तो वर्षांत मोजतात. हवेतले पीएम २.५ म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाएवढे कण. ते नाकाच्या चाळणीत अडकत नाहीत, फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि काही रक्तात मिसळतात. म्हणून नुकसान फक्त छातीचं होत नाही, हृदयविकार आणि पक्षाघातही वाढतो. शिकागो विद्यापीठाच्या निर्देशांकानुसार हवेत हे कण दर घनमीटरला १० मायक्रोग्रॅमने जास्त असतील आणि माणूस कायम त्याच हवेत राहिला, तर आयुर्मान जवळपास एका वर्षाने घटतं. जागतिक आरोग्य संघटनेची वार्षिक मर्यादा ५ मायक्रोग्रॅम आहे. भारताची ४०. हवा जागतिक मर्यादेपर्यंत स्वच्छ झाली तर सरासरी भारतीय सुमारे साडेतीन वर्षं जास्त जगेल, असा या निर्देशांकाचा हिशेब आहे. मधुमेह किंवा रक्तदाबासारखा यात पथ्यपाण्याचा मार्ग नाही. हवा गावातल्या सगळ्यांची एकच असते.

२०१९ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात महाराष्ट्रातली मुंबई, नागपूर, नाशिक, जळगाव ही शहरं आहेत. जमशेटजींच्या त्या जुन्या रेल्वेमार्गावरचीच ही शहरं. त्याच मार्गावरचं नांदगाव यादीत नाही, कारण कार्यक्रम शहरांचा आहे. चूल, कचऱ्याचा जाळ, रस्त्याची धूळ आणि डिझेलचा धूर लहान गावांतही असतो, फक्त तिथे तो रोज मोजला जात नाही.

खोपोलीचं केंद्र शंभर वर्षं उलटल्यावरही चालू आहे. पाऊस लोणावळ्याला पडतो, नळांतून खाली येतो, टर्बाइन फिरवतो. तिथून सुटलेलं पाणी पाताळगंगेत जातं आणि नदीने पुढे रसायनीकडे वाहतं. त्याच पाण्यावर तिथले रासायनिक कारखाने चालतात.